मुदत वाढली

मुखरू शिपाई बोलला त्या वेळी बाबूभाईच्या हातात एका नव्या नवरीचा हात होता. हिरवा चुडा अर्धा चढला होता, पुढची बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडली होती आणि नवरीची सासू बाजूला उकिडवी बसून "हळू जी, पोट्टी रडन" करत होती. मुखरूनं सायकल थांबवली. एक पाय टेकून त्यानं नवरीच्या हाताकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाबूभाई, कय्यूमची मुदत वाढली बरं." बाबूभाई मान वर करेपर्यंत सायकल गोल बाजाराच्या तोंडाशी पोचली होती.

आणि हातातली बांगडी कट्‌कन गेली.

"वाढली का जी?" सासूनं विचारलं.

"वाढली," बाबूभाई म्हणाला, आणि आपल्याच तोंडचा शब्द ऐकून चपापला.

कारण मनियाराच्या दुकानात बांगडी फुटत नाही, ती वाढते. संध्याकाळी दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. कोणा बाईचं मंगळसूत्र तुटलं तरी वाढलं म्हणायचं. दुसऱ्याच्या लेकीसुनांचे हात धरून पोट भरणाऱ्या माणसाला जीभ सांभाळावी लागते, आणि बाबूभाईच्या खानदानानं ती आजोबापासून सांभाळली होती. पण सरकारी कचेरीत हाच शब्द उलटा चालतो. तिथं मुदत वाढली म्हणजे आणखी दिवस मिळाले. आता मुखरू होता पोलीस, पण उभा होता बांगड्यांच्या दुकानापुढं. मग तो बोलला ते कचेरीतलं की दुकानातलं? बाबूभाईनं नवरीचा चुडा कसाबसा पुरा केला, सासूनं ओंजळीनं दिलेले तांदूळ टोपलीत घेतले, आणि महाकालीची यात्रा तोंडावर आलेली असताना भर दुपारी दुकान वाढवून घरची वाट धरली.

कय्यूम त्याचा धाकटा भाऊ. चांद्याच्या परकोटाच्या आत जन्मला, झरपट नदीत पोहायला शिकला. फाळणी झाली त्या सुमाराला तो काचेचा माल आणायला फिरोजाबादेला गेला आणि तिथल्या भट्टीवाल्यांच्या टोळीबरोबर पार सिंधमधल्या हैदराबादेला जाऊन पोचला. हंगामापुरता जातो, परत येतो, असा सांगावा धाडला होता त्यानं. तो परत निघेस्तोवर मध्ये आधी परवाना आला, मग पासपोर्ट आला. ज्या मुलखात होता त्याच मुलखाचा पासपोर्ट त्याला मिळाला, आणि आईचं तोंड पाहायचं तर तो घेण्यावाचून इलाज नव्हता. असा तो आपल्याच घरी परदेशी होऊन आला. चांदा शहराची तऱ्हा पाहा. ते जागचं तसूभर हललं नाही, तरी काल नागपूरच्या राज्यात होतं आणि आता मुंबईच्या राज्यात गेलं. त्याला कोणी कागद विचारला नाही. कय्यूमला मात्र राहायची मुदत मोजून मिळाली होती; ती वाढवून मिळावी म्हणून त्यानं अर्ज केला होता, आणि तोवर ठाण्यात जाऊन मी अजून आहे म्हणून हजेरी द्यावी लागे.

घरी सगळे होते. दोघा भावांच्या मधली बहीण सुलताना आरमोरीहून आली होती, भावाला खाऊ घालायला चिन्नोर तांदूळ घेऊन, आणि आल्यापासून पाखडत बसली होती. आई जैतूनबी ओसरीवर बांगड्यांचे जोड सुतळीत ओवत होती. बाबूभाईची बायको शकिला चुलीपाशी होती आणि कय्यूम मागच्या विहिरीवर अंग धूत होता.

"मुखरू म्हणाला, मुदत वाढली," बाबूभाईनं चपला काढता काढता सांगितलं.

सुलतानानं सूप खाली ठेवलं आणि दोन्ही हात वर केले. "अल्ला, तुहे उपकार. मी म्हणतच होती. अम्मा, ऐकलं का? वाढली."

जैतूनबीच्या हातातली सुतळी थांबली.

"कशी वाढली?" शकिलानं चुलीपासून विचारलं.

"कशी म्हणजे काय, भाबी? वाढली म्हणजे वाढली."

"तुह्या भावाचं तोंड पाय आधी. दिवस भेटलेल्या माणसाचं तोंड असं असते का?"

मग बाबूभाईनं सगळं सांगितलं. नवरी, चुडा, सासू, सायकल. तो सांगत गेला तशी सुलतानाची मान खाली येत गेली, पण ती हार मानणारी नव्हती. लहानपणी भांडणात दोन्ही भावांना तिनं रडवलेलं होतं.

"पोलीस आहे तो, मनियार नाई," ती म्हणाली. "पोलिसाच्या तोंडी पोलिसाचंच बोलणं येईन."

"पोलीस असला तरी इथलाच आहे. नवरीपुढं वाईट बोलन का तो?"

"मंग सायकल थांबवून सांगतलं काऊन? चांगली गोष्ट होती म्हणून सांगतलं."

"वाईट गोष्ट घरी येऊन सांगाची हिंमत नाई झाली म्हणून तिथी सांगतलं," शकिला म्हणाली. तिनं फुंकणी बाजूला ठेवली. "तुमी सगळे गोड गोड ऐकता. मी बाजाराकडचं ऐकतो. हिंगवाल्या पठाणाले टोपलीसकट नेलं. म्हातारा झाला होता इथी हिंग विकून विकून. बायाले नावानं हाका मारे. त्याले नेताना कोणी म्हणलं का, थांबा जी, म्हणून? सुरमेवाला तवापासून बसतच नाई. अन् काल पालिकेचा माणूस काय म्हणून गेला, विचार तुह्या भावाले. यात्रेतली जागा यंदा पाहू म्हणे. तुमच्या घरी पाकिस्तानवाला आहे म्हणे. यात्रेत बसाले नाई भेटलं तं वर्षभर काय खासान? काच?"

"तुले त्याले घालवाचंच आहे तं सिधं म्हण ना."

"सिधंच म्हणून राह्यली. जाऊ दे त्याले, इज्जतीनं जाऊ दे."

बाबूभाई दोघींच्या मध्ये उभा होता. तसा तो जन्मभरच कोणाच्या ना कोणाच्या मध्ये उभा होता. सुलताना बोलली की त्याला वाटे, खरंच, मुदत मिळाली असेल, मुखरूचा आवाज चांगला होता. शकिला बोलली की वाटे, नाही, त्यानं आपल्या डोळ्याला डोळा दिला नव्हता. दुकान राहावं असंही त्याला वाटत होतं आणि भाऊ राहावा असंही. दोन्ही एकदम वाटतं याची त्याला लाज वाटत होती.

एवढ्यात कय्यूम ओल्या अंगावर टॉवेल टाकून आत आला. त्यानं सगळं ऐकलेलं दिसत होतं.

"एवढी पंचायत कायले?" तो म्हणाला. "ठाण्यात जाऊन विचारून येतो."

"खबरदार," शकिला म्हणाली.

"पाय ठेवशीन तिथी तं," सुलताना म्हणाली. "संपली असन तं तिथीच बसवून घेतीन तुले."

तेवढ्यापुरत्या नणंद-भावजय एक झाल्या. बाबूभाईला त्या संकटातही बरं वाटलं.

जैतूनबी उठली. गुडघ्यावर हात देऊन उठली, पदर डोक्यावरून घेतला. "मुखरू दुपारच्या जेवणाले घरी येते," ती म्हणाली. "मी विचारीन त्याले." तिला कोणी अडवलं नाही. या घरात तिला अडवायची रीत नव्हती.

ती गेल्यावर सुलताना पुन्हा तांदूळ पाखडायला बसली, बाबूभाई दारात उभा राहिला, आणि कय्यूम चुलीपाशी शकिलाच्या समोर जाऊन टेकला. शकिला या घरी आली तेव्हा ती स्वतःच पोर होती आणि हा तिच्या ओढणीचं टोक धरून बाजारभर हिंडायचा. आता त्याच्या कानशिलावर पांढरे केस होते.

"भाबी, मी जावं असं वाटते ना तुले?"

शकिला निखारे ओढत राहिली. "वाटते," ती म्हणाली. एक निखारा राखेत लोटून म्हणाली, "अन् जाऊ नये असंबी वाटते. मले काय विचारतेस? मले घर चालवा लागते."

"मी रागावून नाई विचारलं."

"रागव ना. रागवला असता तं बरं झालं असतं."

कय्यूम हसला. "तिकडं बांगडी फुटते, भाबी. सिधी फुटते. पहिल्या दिवशी माह्या हातून एक गेली अन् मी म्हणलं, बढ गई. सगळी भट्टी हसली. म्हणाले, कहाँ बढी, दिखाओ. तवापासून मीबी फुटली म्हणाले लागलो. पण जीभ चावल्यावानी वाटे दरवेळी. तिकडं मले सगळे चांदावाला म्हणतात. इथी पाकिस्तानवाला. मी या घरी आलो त्या दिवशी तुह्या हातातली बांगडी गेली अन् अम्मा आतून म्हणाली, काय वाढलं वं? ते ऐकून मी मोरीत जाऊन रडलो. कोणाले सांगू नको."

शकिलानं पदरानं डोळे पुसले आणि धुराला शिव्या दिल्या.

इकडे जैतूनबी उन्हातून चालत होती. मोहाच्या फुलांची पाटी डोक्यावर घेतलेल्या दोन गोंडणी समोरून आल्या, "चाची, कुठी?" म्हणून विचारून गेल्या. तिला त्यांचे चेहरे दिसले नाहीत. तिला काही फार नको होतं. मुलगा कायमचा राहावा असं मागायची हिंमत तिनं केव्हाच सोडली होती. सकाळी उठल्यावर ओसरीवर त्याचं खोकणं ऐकू यावं, भाकरी मोजताना त्याची धरून मोजावी, एवढंच. थोडे दिवस. दिवस मिळाले असतील तर ते कसे वापरायचे हेही तिनं ठरवून ठेवलं होतं.

मुखरूच्या दारात त्याची बायको मनकर्णा भांडी घासत होती. जैतूनबीला पाहताच ती उठली आणि राखेचे हात मागे धरून वाकली. चुडा भरून झाला की बाया मनियारिणीला वाकतात. मनकर्णाच्या लग्नातला चुडा जैतूनबीनं भरला होता, आणि ही अजून रस्त्यात भेटली तरी वाकायची.

मुखरू ताटावरून उठून बाहेर आला. उष्टा हात तसाच होता.

"दुकानापुढं काय म्हणलं तू, बापा?" जैतूनबीनं विचारलं.

"वाढली म्हणलं, चाची."

"कोणची वाढली?"

मुखरूनं बायकोकडे पाहिलं, मग पायाकडे. "चाची, त्या पोट्टीच्या हातात चुडा चढत होता. तिच्यापुढं मी संपली कसा म्हणू? माह्या मायनं जीभ उपटली असती माही. तुमच्या दुकानात म्हणतात तसं म्हणलं."

"म्हणजे संपली."

मनकर्णा म्हणाली, "सांगा ना जी त्याईले नीट."

"अर्जात लिवलं होतं, मायले भेटाले आलो," मुखरू हळू आवाजात म्हणाला. "अन् साहेबानं त्याले बाजारात पाह्यलं, बाईचा हात हातात घेऊन बसलेला. भेटाले आलेला माणूस धंदा काऊन करते, म्हणे. मी म्हणलं, साहेब, हात कठीण असला का बाया त्याचंच नाव घेतात, बसला असन घटकाभर. ऐकलं नाई. उद्या सकाळची वर्ध्याची गाडी. आपल्या पायानं गेला तं ठीक. नाईतं मलेच त्याले न्या लागन, बाजारातून, तुमच्या दुकानापुढून. मले नका न्याले लावू, चाची."

जैतूनबीला ती दुपार आठवली. पोंभुर्ण्याकडची एक शेतकरीण होती, निंदणानं हात लाकूड झालेले. बाबूभाईनं हात टेकले आणि कय्यूमला बोलावलं. त्यानं तिचा हात तेलानं चोळला, तिच्याशी तिच्या गावच्या गोष्टी केल्या आणि बोलता बोलता सगळ्या बांगड्या चढवल्या. त्याचा बाप असाच भरायचा. ती मागे बसून पाहत होती, आणि तिनं मनात म्हटलं होतं, आता डोळे मिटले तरी हरकत नाही. साहेबानं पाहिलं ते हेच.

"यात्रा होईस्तोवर?" तिनं विचारलं.

"माह्या हाती असतं तं वर्ष दिलं असतं."

ती जायला वळली, पुन्हा थांबली. "तुह्या मायनं चांगलं शिकवलं तुले," ती म्हणाली. "पण आजच्या दिवस वाईट बोलला असता तं बरं झालं असतं, बापा. तू गोड बोलला अन् माही पोट्टी तिकडं दुवा मागत बसली आहे."

मनकर्णा पुन्हा वाकली. या वेळी जैतूनबीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. हात उचललाच गेला नाही तिच्यानं.

परतताना तिला एक गोष्ट सुचली आणि ती सुचल्याची तिला भीती वाटली. घरी जाऊन फक्त "वाढली" म्हणायचं. खोटं नव्हतं ते. एक रात्र घर हसेल, सुलताना खीर करेल, कय्यूम पोटभर जेवेल. सकाळचं सकाळी. वाटभर ती तो शब्द तोंडात घोळवत आली.

दारात सगळे उभे होते.

"काय म्हणाला?" बाबूभाईनं विचारलं.

"वाढली म्हणे," जैतूनबी म्हणाली.

सुलताना रडायलाच लागली. "मी सांगतलं होतं," ती म्हणाली, "या घरात माह्यं कोण ऐकते?" ती भावाच्या गळ्यात पडली. बाबूभाई भिंतीला टेकला. पण कय्यूम आईकडे पाहत होता. तो मनियाराचा मुलगा होता, बाईचं तोंड पाहून तिचा हात किती दुखतो हे ओळखण्यावर त्याचं पोट होतं.

"अम्मा," त्यानं बहिणीचे हात हळूच सोडवत विचारलं, "कचेरीतली वाढली का दुकानातली?"

जैतूनबीनं बरंच काही बोलायचा प्रयत्न केला.

"दुकानातली," ती म्हणाली.

शकिला सरळ नवऱ्यापुढं येऊन उभी राहिली.

"उभे काय राह्यले? जा ना साहेबाकडं. पाया पडा त्याच्या. सांगा, दुकान वाढवतो, यात्रेत नाई बसत, पण याले राहू द्या."

"आता तूच म्हणत होतीस ना—"

"म्हणत होती. आता हे म्हणून राह्यली."

"नको," सुलताना म्हणाली. तिचे गाल अजून ओले होते, पण आवाज कोरडा झाला होता. "जाऊ द्या त्याले. त्या पठाणावानी याले बाजारातून नेताना मले नाई पाहावणार. आपल्या पायानं जाऊ द्या."

मघाशी जो पक्ष जिचा होता तो आता दुसरीचा झाला होता, आणि दोघींपैकी कोणालाच त्याचं भान नव्हतं. कय्यूमनं दोघींना बसवलं. तो म्हणाला, चिन्नोर पाखडून झाला आहे तर शिजवा, तिकडं असा तांदूळ भेटत नाई. मग सगळे कामाला लागले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

सकाळी स्टेशनावर यात्रेला येणाऱ्यांची गर्दी उतरत होती, कपाळभर मळवट भरलेल्या बाया आणि त्यांची लेकरं. जाणारे थोडे होते. मुखरू गणवेशात फलाटाच्या पार टोकाला उभा होता, इकडे पाठ करून. बाबूभाईनं ट्रंक आत ठेवली. सुलतानानं तांदळाची पुरचुंडी खिडकीतून दिली. शकिलानं भाकरी दिल्या आणि नेहमीच्या तोऱ्यात सांगितलं की वर्ध्याच्या आत खाऊ नको, पुढं दोन दिवस कोणी विचारणार नाही.

जैतूनबी खिडकीपाशी आली. गजांतून हात घालून तिनं त्याच्या तोंडावरून फिरवला.

गार्डानं शिटी दिली. कय्यूम उठून खिडकीशी वाकला. "बरं अम्मा," तो म्हणाला, "ये—"

"नाई," जैतूनबीनं त्याला थांबवलं.

निघताना आपल्याकडे जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. फिरोजाबादेला गेला तेव्हाही तो तसंच सांगून गेला होता, आणि त्या एका शब्दावर तिनं इतकी वर्षं काढली होती.

"आज जातो म्हण," ती म्हणाली. "लय गोड बोललो आपून जन्मभर. मले समजन असं बोल. येतो म्हणशीन तं मी रोज या गाडीवर येईन, कय्यूम. रोज उतरणाऱ्यांचे तोंडं पाहीन. माह्यानं आता नाई होत. जातो म्हण, बेटा."

कय्यूमनं तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. बाबूभाई मागून म्हणाला, "म्हण रे, ती म्हणते तं." शकिलानं तोंडात पदर कोंबला. कय्यूमचे ओठ हलले, त्या अक्षराशी येऊन अडले, कारण जन्मापासून त्या घरात कोणी त्याला तो शब्द उंबऱ्यावर म्हणू दिला नव्हता, तिनंच दिला नव्हता. गाडी हलली. आई गाडीबरोबर चालू लागली, गज धरून, त्याच्या तोंडाकडे पाहत.

"येतो, अम्मा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उतरणाऱ्यांच्या गाडीला जैतूनबी फलाटावर होती.